डोक्यावरचं ओझं चाकावर कधी आलं?

आज आपण एका साध्या वस्तूचा इतिहास ऐकणार आहोत. ती वस्तू म्हणजे ओझं वाहायची हातगाडी. यात कसला आलाय इतिहास, असं वाटेल. आम्हालाही तसंच वाटलं होतं. पण आधी आमची फजिती सांगतो.

दोन वर्षांपूर्वी आमच्या गटानं परसबागेसाठी आणि गांडूळखताच्या शेडसाठी एकचाकी हातगाडी घेतली. बांधकामावर वाळू-सिमेंट नेतात ना, तसली. पैसे बचतीतले होते. गाडी आणायला एकीचा भाऊ तालुक्याला गेला, आमच्यातली एकही गेली नाही. गाडी आली, हळदकुंकू लावलं, नारळ फोडला. आठ दिवसांनी ती शेडच्या भिंतीला उलटी टेकवून ठेवली, ती ठेवलीच. मुठी इतक्या लांब-लांब होत्या की हात फाकून धराव्या लागत. भरली की उचलवत नसे, आणि बांधावरून नेताना आडवी व्हायची. आम्ही पुन्हा घमेलं डोक्यावर घेतलं.

गटातली सगळ्यांत थोरली मावशी एक दिवस चुंबळ सारखी करत म्हणाली, “बहात्तरच्या दुष्काळात घमेलं होतं, आजही घमेलंच. मग चाक निघालं तरी कुणासाठी गं?”

त्या प्रश्नाचं उत्तर शोधता शोधता आम्ही पार चीनपर्यंत जाऊन आलो, म्हणजे पुस्तकांतून. जे सापडलं ते तुम्हाला सांगतो.

एका चाकाच्या हातगाडीचे जुने ठळक पुरावे चीनमधले आहेत, सुमारे १९०० वर्षांपूर्वीचे. तिथल्या शानतुंग प्रांतात इसवी सन १५१ मधलं एक दगडी स्मारक आहे. त्यावर तुंग युंग नावाच्या गरीब मुलाची गोष्ट कोरलेली आहे. आई वारलेली, बाप म्हातारा. हा शेतात राबायला जाताना बापाला छोट्या गाडीवर बसवून सोबत न्यायचा. आपला श्रावणबाळ आई-वडिलांना कावडीत घालून खांद्यावर घेऊन निघाला, तसाच हा चीनचा श्रावणबाळ. फरक एवढाच की त्याच्या हाताशी चाक होतं.

दुसरी गोष्ट एका बाईची. ही चीनच्या जुन्या इतिहासग्रंथात थोर स्त्रियांच्या चरित्रांमध्ये येते. ह्वान शाओ-चुन ही श्रीमंताघरची लेक. बापानं तिचं लग्न आपल्या गरीब शिष्याशी लावलं आणि सोबत भरपूर आंदण दिलं. नवरा म्हणाला, मी गरीब माणूस, हे मला पेलणार नाही. तेव्हा तिनं दासी आणि भारी कपडे माहेरी परत पाठवले, आखूड जाडंभरडं नेसली आणि नवऱ्याबरोबर एक छोटी गाडी ओढत सासरच्या गावी आली. त्या गाडीला तिथं ‘हरणगाडी’ म्हणत. बऱ्याच अभ्यासकांच्या मते ती एकचाकीच होती. घरी येऊन तिनं सासूला नमस्कार केला आणि लगेच घागर उचलून पाण्याला गेली.

आम्ही हे वाचलं आणि एकमेकींकडे बघून हसलो. गाडी दारात उभी होती, पण पाणी घागरीनंच आणायचं!

पुढे इसवी सन २३१ मध्ये चुगे लियांग या प्रधानानं डोंगरातून फौजेला धान्य पोचवायला ‘लाकडी बैल’ वापरले असं इतिहासात नोंदलेलं आहे. ते म्हणजे सुधारलेल्या हातगाड्याच असाव्यात, असं पुष्कळांचं मत आहे. डोंगरातली वाट अरुंद. दोन चाकांची गाडी तिथं मावत नाही, एक चाक मावतं.

आता त्या चिनी गाडीतली खरी खुबी ऐका. पुढच्या काळात तिकडे जी हातगाडी घरोघर रुळली, तिचं चाक मोठं आणि बरोबर मधोमध असायचं. ओझं चाकाच्या दोन्ही अंगांना आणि वर. सगळा भार आसावर. ढकलणाऱ्यानं फक्त तोल सांभाळायचा आणि पुढे ढकलायचं. म्हणून एकेक माणूस पोत्यांच्या राशी नेई, दोन्ही बाजूंना माणसं बसवूनसुद्धा नेई.

युरोपात ही गाडी बरीच उशिरा दिसते, साधारण बाराव्या-तेराव्या शतकात. इंग्लंडच्या राजाच्या डोव्हर इथल्या बांधकामासाठी अशा गाड्या विकत घेतल्याची १२२२ सालची नोंद आहे. त्याआधी तिकडे दगड-चुना दोन माणसं मिळून वाहत. मध्ये फळी, पुढे एक माणूस, मागे एक. मग कुणीतरी पुढच्या माणसाच्या जागी चाक बसवलं. म्हणून युरोपातल्या गाडीचं चाक पुढच्या टोकाला असतं, असं मानलं जातं. एका माणसाची मजुरी वाचली. पण मागच्या माणसाच्या हातावरचा भार काही गेला नाही. आज बाजारात आपल्याला मिळते ती हीच पुढे चाक असलेली गाडी.

मैत्रिणींनो, इथं आम्हाला आमच्या गाडीचं दुखणं कळलं. अडकित्ता डोळ्यासमोर आणा. सुपारी खिळ्याजवळ सरकवली की कच्चकन फुटते. मुठीकडे राहिली तर हात दुखतो, सुपारी फुटत नाही. हातगाडी म्हणजे उताणा अडकित्ताच. खिळ्याच्या जागी चाक, सुपारीच्या जागी खत. समजा, चाकापासून मुठीपर्यंत ५ फूट अंतर आहे आणि गाडीत ६० किलो खत आहे. खताचा भार चाकापासून अडीच फुटांवर असला, तर हातावर ३० किलो येतात. तोच भार दीड फुटावर आणला, तर १८ किलो येतात. खत तेवढंच, गाडी तेवढीच. फक्त ओझं चाकाकडे सरकलं.

आता आपल्याकडे येऊ. चाक आपल्याला नवीन होतं का? मुळीच नाही. हडप्पा आणि मोहेंजोदडोला मातीच्या खेळण्यातल्या बैलगाड्या सापडल्या आहेत. आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यात प्रवरेकाठी दायमाबाद आहे. तिथं १९७४ साली एका शेतकऱ्याला झाडाचं मूळ खणताना काशाच्या मूर्ती मिळाल्या. त्यांत दोन बैल जुंपलेला रथ आहे. गेंडा आणि रेडा यांनाही चाकं आहेत. अनेक अभ्यासक या मूर्ती साडेतीन हजार वर्षांहून जुन्या मानतात. म्हणजे चाक होतं. ते बैलाच्या मागे होतं, कुंभाराच्या हातात होतं. बाईच्या डोक्यावरचं ओझं मात्र डोक्यावरच राहिलं.

असं का झालं, याचा एक धागा बोरघाटात सापडतो. मुंबई-पुणे रेल्वेसाठी बोरघाट फोडायचं काम १८५६ ते १८६३ असं चाललं. एका टप्प्यावर तिथं ४० हजारांहून जास्त मजूर होते. १८५९ मध्ये या कामाचं कंत्राट घेतलेला सॉलोमन ट्रेडवेल इथं आल्यावर थोड्याच दिवसांत वारला. त्याच्या बायकोनं, ॲलिस ट्रेडवेलनं, कंत्राट सोडलं नाही. अनुभवी माणसं नेमून तिनं ते तडीला नेलं. वर कंत्राटदार बाई, आणि खाली डोक्यावर माती वाहणाऱ्यांतही बाया. पहिलीचं नाव इतिहासात आहे. दुसऱ्या कुणाचंच नाही.

त्या काळात रेल्वेच्या कामांवर इंग्रजांनी आपल्या पद्धतीच्या हातगाड्या आणून पाहिल्या. मजुरांनी पाटीच पसंत केली. त्यावरून साहेबलोक आपल्या माणसांना अडाणी म्हणून हसत. पण जरा विचार करा. घाटात सपाट वाट कुठं होती? चाकाला वाट लागते, डोक्यावरच्या पाटीला पाऊल टेकेल एवढी जागा पुरते. शिवाय काम जोडीनं, कुटुंबानं चाले. पुरुष खणायचा, बायका-पोरं वाहायची. बायका-पोरांची मजुरी इतकी कमी असायची की गाडीवर पैसे घालायची गरज कुणाला वाटेना. मजुरांना अक्कल नव्हती असं नाही. वाहणारीचे कष्ट स्वस्त धरले होते.

हाच नेम पुढेही चालला. १९७२ चा दुष्काळ आपल्यातल्या थोरल्या बायांना अजून आठवतो. पाझर तलाव, नालाबांध, रस्ते, खडी फोडणं, आणि सुकडी. त्यातूनच रोजगार हमी योजना उभी राहिली. तिचा कायदा १९७७ साली झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला. मागेल त्याला काम, हा हक्क आपल्या राज्यानं देशाच्या कितीतरी आधी दिला, याचा अभिमान आहेच. त्या कामांवर बाया फार मोठ्या संख्येनं होत्या. पण त्यांच्या हातात काय होतं? घमेलं आणि चुंबळ.

म्हणून मावशीच्या प्रश्नाला आम्हाला सापडलेलं उत्तर असं. वाहणाऱ्याच्या श्रमाची किंमत ज्यानं मोजली, त्यानं चाक आणलं. जिथं ती मोजलीच नाही, तिथं चाक दारात असूनही बाईपर्यंत पोचलं नाही. आमच्या गटात तर आम्हीच आमची किंमत मोजली नव्हती. गाडी आमच्यासाठी, आणि आमच्या हाताचं माप घ्यायला आम्हीच गेलो नाही!

आता तुमचा गट गाडी घेणार असेल, तर आमच्या चुकीतून शिका.

आधी वाट बघा, मग गाडी. बांधावरून, वाफ्यांच्या मधून, अरुंद जागेतून न्यायचं असेल तर एक चाक बरं. ते वळतंही पटकन. पण तोल आपल्याला धरावा लागतो. अंगण, शेड, गोठा, हापसा अशी सपाट आणि रुंद वाट असेल तर दोन चाकांची बुटकी गाडी बरी. ओझं आसाच्या बरोबर वर ठेवलं तर हातावर भार जवळजवळ येतच नाही. गुडघे-कंबर दुखणाऱ्यांना ती सोयीची. पाण्याचे कॅन न्यायलाही तीच चांगली. मात्र आडव्या उतारावर दोन चाकांची गाडी कलते, तिथं जपून.

चाक बघा. हवेचं चाक खडबडीत वाटेवर हलकं जातं, पण बाभळीचा काटा त्याचा वैरी. पंक्चरचं दुकान लांब असेल तर भरीव रबराचं घ्या. ते धक्के देतं, पण बंद पडत नाही. लहान चाक खड्ड्यात अडकतं, मोठं चाक त्यावरून जातं. आणि पावसाळ्यात काळ्या रानात कुठलीच गाडी घालू नका. चिखल चाकाला धरला की मोकळी गाडीही हलत नाही.

दुकानात गटातल्या दोघींनी तरी जा, एक उंच आणि एक बुटकी. गाडीत दोन पोती ठेवायला सांगा आणि उचलून चार पावलं चालून बघा. कोपर फार न वाकवता, खांदे न उचलता मुठी धरता आल्या पाहिजेत. दुकानदार हसला तर हसू दे.

आमच्या गाडीचं काय झालं? आम्ही ती विकली नाही. गावातल्या वेल्डिंगवाल्याकडे नेली. टोपलं सहा इंच पुढे, चाकाकडे सरकवून घेतलं आणि मुठी जवळ आणल्या. आता तिच्यात पूर्वीपेक्षा थोडं कमी मावतं, पण ती रोज चालते. ६० किलो खत घमेल्यानं न्यायचं तर चार-पाच खेपा व्हायच्या, आता एक होते. शेडच्या मागची चढण मात्र अजून घमेल्यानंच चढतो, कारण तिथं वाट नाही. ती वाट नीट करायचा ठराव पुढच्या बैठकीत आहे. दोन चाकांच्या गाडीसाठीही महिन्याला थोडे पैसे बाजूला टाकतो आहोत.

मावशीनं पहिल्यांदा भरलेली गाडी ढकलली, तेव्हा शेडपर्यंत जाऊन ती थांबली आणि मान दोन्हीकडे वळवून बघितली. म्हणाली, “मान मोकळी राहते की!” नंतर तिनं चुंबळ सोडून तिचा पदर केला आणि खत ओतायला लागली.

तुमच्या गटात ओझं कोण, किती आणि कुठल्या वाटेनं वाहतं, ते या आठवड्यात एकदा मोजून बघा. मोजलेला आकडा आम्हाला कळवा. नमस्कार.