डोंगराच्या पोटातले राज्य

दिवाळी आली की घरोघरच्या अंगणात मातीचे किल्ले उभे राहतात. बोटभर उंचीचे मावळे, अंगठ्याएवढी तोफ, अळिवाचे हिरवे रान आणि सर्वांत वर सिंहासनावर महाराज. पाश्चात्त्यांच्या परीकथांत डोंगर पोखरून राहणाऱ्या बुटक्यांचे राज्य असते. हिमगौरीच्या गोष्टीतले सात बुटके त्याच कुळीतले. ते खडक फोडतात, जमिनीखाली सोने साठवतात आणि सांज झाली की दार लावून घेतात. आमच्या मुलांचे बुटके राज्य अंगणातच असते. मात्र किल्ला रचताना ही मंडळी तट, बुरूज, दरवाजा सगळे झाल्यावर उरलेल्या कोपऱ्यात वाटी पुरतात आणि तिला तळे म्हणतात. खऱ्या गडकऱ्याने आरंभ त्या वाटीपासून केला असता.

हे समजून घ्यायला माणदेशासारखा मुलूख नाही. सह्याद्रीने पाऊस आपल्या पदरात घ्यावा आणि माणला कोरडे ढग धाडावेत, हा इथला पिढ्यान्‌पिढ्यांचा क्रम. या कोरड्या मुलखाच्या डोक्यावरून महादेवाच्या डोंगराची रांग जाते. तिच्यावर फलटणच्या अंगाला संतोषगड आहे, माणच्या हद्दीत वारूगड आहे. आणि सातारा-पंढरपूर रस्त्याने जाताना दहिवडीच्या अलीकडे महिमानगड दिसतो. रायगड-प्रतापगडाच्या पंगतीला बसणारे हे किल्ले नव्हेत. पण मोठ्यांच्या घरातली पूजा पाहावी आणि लहानांच्या घरातला स्वयंपाक पाहावा, असे मला वाटते. गडावरचे रोजचे जिणे अशाच ठिकाणी कळते.

रामचंद्रपंत अमात्यांचे ‘आज्ञापत्र’ अठराव्या शतकाच्या आरंभीचे. त्यातले दुर्गप्रकरण वाचताना आपण राजनीतीचा ग्रंथ वाचतो आहोत की एखाद्या खाष्ट पण शहाण्या आजोबांचा संसार पाहतो आहोत, असा संभ्रम पडतो. गड बांधण्याआधी पाणी पाहा, हे पहिले सांगणे. पाणी नसेल आणि जागा सोडवत नसेल, तर खडक फोडून टाकी करा. झरा आहे म्हणून निश्चिंत राहू नका. लढाईत तोफांच्या आवाजाने झरे आटतात आणि पाण्याचा खर्च तर वाढतो. दारूचे कोठार घरांपासून दूर ठेवा. आंबा, चिंच, वड, पिंपळ लावा आणि जपा; प्रसंगी तेच लाकूड कामाला येईल. वाटेवर, बाजारात केर पडू देऊ नका. तो जाळा आणि राख परसात घालून भाजीपाला करा. राज्याचा अमात्य गडावरच्या परसातल्या भाजीची काळजी वाहतो आहे! आजच्या नगरपालिकांनी हे पान भिंतीवर लावायला हरकत नाही.

खडकातले टाके म्हणजे दुहेरी हिशेब. काळ्या पाषाणात पाथरवटाची छिन्नी खाली खाली जाई, आणि वर निघालेला धोंडा तटाला लागे. खाली पाणी, वर भिंत. वाया काहीच नाही. संतोषगडाच्या बालेकिल्ल्यावर कातळात खोल उतरत गेलेली पायऱ्यांची विहीर आहे आणि आत महादेवाचे चिमुकले देऊळ. भर उन्हाळ्यात मी तिच्या पायऱ्या उतरलो. चार पायऱ्यांनंतर वारा थांबला, दहांनंतर अंगावरचा घाम थंड पडला. परीकथेतल्या बुटक्यांना घर कुठे द्यावे असे मला कोणी विचारले, तर मी इथेच देईन.

आणि ठेवा? तोही आहे. बखरींत कथा येते की मालोजीराजे भोसल्यांना देवीच्या दृष्टान्ताने जमिनीतले धन सापडले. त्यातून त्यांनी काय केले? याच डोंगरावर, शिखर शिंगणापुरी, शंभुमहादेवाच्या यात्रेकरूंचे पाण्यावाचून हाल होत म्हणून मोठे तळे बांधले. दृष्टान्त कोणी मानो न मानो. परंतु गोष्ट सांगणाऱ्याला माणदेश पुरता ठाऊक होता. दुसऱ्या मुलखात धन सापडले की कथेत राजवाडा येतो.

गडाचा कारभार एकाच्या हाती नसे. हवालदार, सबनीस, सरनोबत यांच्यात तो वाटलेला, म्हणजे एकट्याच्या फितुरीने गड जाऊ नये. धान्याच्या कोठारावर कारखानीस. हे सारे तटाच्या आत. तटाबाहेर, डोंगराच्या उतारावर आणखी एक तट होता, माणसांचा. रामोशी, महार, मांग, बेरड यांच्या चौक्या गडाच्या घेऱ्यात बसत. रात्री झुडूप हलले तरी त्यांना कळावे. वरच्या माणसांची नावे दप्तरात राहिली. या खालच्यांची फारशी नाहीत.

१८१८ मध्ये पेशवाई गेली आणि गडांचे काम संपले. दगडाचे तट उन्हापावसात उभे राहिले; माणसांच्या तटाने जायचे कुठे? पुरंदरच्या पहाऱ्यावर असलेल्या रामोशी घराण्यातला उमाजी नाईक हक्क गेल्यावर इंग्रजांवर उठला. १८३१ च्या डिसेंबरात तो पकडला गेला आणि १८३२ साली पुण्यात फाशी गेला. १८७१ साली इंग्रजांनी गुन्हेगार जमातींचा कायदा केला, त्यात जन्मानेच माणूस चोर ठरू लागला. तो कायदा १९५२ च्या ऑगस्टअखेर रद्द झाला, आणि ज्या जमाती त्यातून सुटल्या त्यांना ‘विमुक्त’ म्हणू लागले. महाराष्ट्राच्या विमुक्तांच्या यादीत गडाखाली रात्र जागवणारा रामोशी आहे, बेरड आहे. पिढीजात दगड फोडणारा वडारही त्याच यादीत आहे.