सिंगापूरमधील डिजिटल जल व्यवस्थापन

सिंगापूर या द्वीपराष्ट्रात पाण्याचा साठा, दाब, गुणवत्ता आणि वापर यांवर संवेदक व संगणकीय विश्लेषणाच्या साहाय्याने अखंड देखरेख ठेवली जाते. ही व्यवस्था पब्लिक युटिलिटीज बोर्ड (संक्षेप: पीयूबी) ही राष्ट्रीय जलसंस्था चालवते.

पार्श्वभूमी

सिंगापूरमध्ये वर्षाकाठी सरासरी २,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. परंतु तो साठवण्यास पुरेशी जमीन नाही. देशाच्या सुमारे दोन-तृतीयांश भूभागावरील पावसाचे पाणी १७ जलाशयांत साठवले जाते. याशिवाय १९६२ च्या करारानुसार मलेशियातील जोहोर नदीतून दररोज २५ कोटी गॅलनपर्यंत पाणी घेता येते. या कराराची मुदत २०६१ मध्ये संपते. ‘न्यूवॉटर’ हे पुनःशुद्ध केलेले सांडपाणी (२००३ पासून) आणि समुद्राच्या पाण्याचे निःक्षारीकरण (२००५ पासून) हे अन्य दोन स्रोत होत.

हवामान बदलाचे परिणाम

२०१४ च्या आरंभी सिंगापूरमध्ये सलग २७ दिवस जवळजवळ कोरडे गेले. जोहोरमधील लिंग्यू जलाशयाचा साठा ऑक्टोबर २०१६ मध्ये सुमारे २० टक्क्यांवर आला. या जलाशयातून सोडलेले पाणी जोहोर नदीत शिरणाऱ्या खाऱ्या पाण्याला मागे रेटते. त्यामुळे अवर्षण आणि समुद्रपातळीतील वाढ ही दोन्ही संकटे येथे एकत्र येतात.

तंत्रज्ञानाचा वापर

गळतीचा शोध: जलवाहिनी फुटताच पाण्याच्या दाबात तरंग निर्माण होतो. तो निरनिराळ्या संवेदकांपर्यंत केव्हा पोहोचला, यावरून फुटलेली जागा शोधता येते. या तत्त्वावरील ‘वॉटरवाइज’ प्रणाली पीयूबीने संशोधन संस्थांच्या सहकार्याने विकसित केली.

स्मार्ट मीटर: पूर्वी घरोघरी जाऊन मीटरची नोंद घ्यावी लागे. पहिल्या टप्प्यातील सुमारे ३ लाख स्मार्ट मीटर ही नोंद दूरवरून पाठवतात. त्यामुळे घरातील गळती देयक येण्याआधीच लक्षात येऊ शकते.

पूरसूचना: नाले व कालव्यांतील संवेदक पाण्याची पातळी कळवतात आणि नागरिकांना मोबाइलवर इशारा मिळू शकतो.

द्विस्रोती प्रकल्प: २०२० मध्ये कार्यान्वित झालेला केपेल मरीना ईस्ट प्रकल्प पावसाळी काळात मरीना जलाशयातील गोडे पाणी, तर कोरड्या काळात समुद्राचे पाणी शुद्ध करतो.

मर्यादा

संवेदक पाणी निर्माण करत नाहीत. असलेले पाणी वाया जाऊ नये, यासाठी ते उपयोगी पडतात. एक घनमीटर समुद्रजलाच्या निःक्षारीकरणास सुमारे ३.५ युनिट वीज लागते. वीजनिर्मिती मुख्यतः नैसर्गिक वायूवर होत असल्याने पाण्याची गरज भागवताना कार्बन उत्सर्जनही होते. त्यामुळे गळती रोखून वाचवलेले पाणी ऊर्जेचीही बचत ठरते. सायबर सुरक्षा आणि घरगुती वापराच्या माहितीची गोपनीयता हे प्रश्नही या व्यवस्थेशी निगडित आहेत. शिवाय लहान, विखुरलेल्या द्वीपराष्ट्रांत वीज, निधी आणि प्रशिक्षित मनुष्यबळ यांची उपलब्धता भिन्न असल्याने ही व्यवस्था तेथे जशीच्या तशी राबवणे कठीण आहे.