उस्मानियाचा जीर्णोद्धार

मराठवाड्यातल्या जुन्या माणसांना उस्मानिया दवाखाना कुठे आहे हे सांगावं लागत नाही. १९५६ पर्यंत मराठवाड्याचे पाचही जिल्हे हैदराबाद राज्यात होते. दुखणं गावच्या वैद्याच्या हाताबाहेर गेलं की मनमाडच्या गाडीनं काचिगुड्याला उतरायचं आणि तिथून अफझलगंज गाठायचं. मौज अशी, की काचिगुड्याचं ते देखणं स्टेशन आणि मुसी नदीकाठचा हा दवाखाना, दोन्ही व्हिन्सेंट एश या एकाच इंग्रज वास्तुकाराच्या हातचे.

पण दवाखाना या इमारतीहून जुना. एकोणिसाव्या शतकात इथेच अफझलगंजचा सरकारी दवाखाना होता. रूपाबाई फर्दुनजी ही पारशी मुलगी १८८५ साली हैदराबादच्या वैद्यक शाळेत शिकायला आली, आणि पुढे याच दवाखान्यात रोग्यांना क्लोरोफॉर्म देऊ लागली. भूल देणारी जगातली पहिली स्त्री डॉक्टर म्हणून आज तिचं नाव घेतात. बायकांनी पडद्याआडून नाडी दाखवायची, त्या काळातली ही गोष्ट!

तेव्हा क्लोरोफॉर्मसाठी हैदराबादचं नाव विलायतेत गाजत होतं. वैद्यक शाळेचे प्रमुख डॉ. एडवर्ड लॉरी यांचं म्हणणं, रोग्याचा श्वास नीट पाहिला तर क्लोरोफॉर्मनं हृदयाला धोका नाही. हे ठरवायला १८८८-८९ मध्ये निजामाच्या पैशानं दोन कमिशनं बसली. शेकडो कुत्री आणि माकडं त्या प्रयोगांत गेली. आणि निष्कर्ष? क्लोरोफॉर्म थेट हृदयावरही आघात करू शकतो, हे पुढे सिद्ध झालं. श्वासाकडे लक्ष ठेवण्याची शिस्त तेवढी कामाची ठरली. रूपाबाईंबद्दल अभिमान वाटतो, पण त्या मुक्या जिवांचा हिशेब आपल्यासारख्यांना सोडून देता येत नाही.

मग १९०८ चा सप्टेंबर आला. २८ तारखेला मुसी अशी फुगली की हजारो माणसं गेली, वस्त्याच्या वस्त्या वाहून गेल्या. दवाखानाही पाण्याखाली. त्याच्या आवारातल्या चिंचेच्या झाडावर चढून बसलेली दीडशेच्या आसपास माणसं मात्र वाचली. चिंचेखाली झोपू नये म्हणतात. हैदराबादेत त्या चिंचेला दरवर्षी सप्टेंबरात लोक वंदन करायला जमतात.

पुरानंतर विश्वेश्वरय्यांना बोलावलं. वर उस्मानसागर आणि हिमायतसागर बांधून नदीला लगाम घातला. काठावर समोरासमोर दोन मोठ्या वास्तू उठल्या, एका तीरावर हायकोर्ट, दुसऱ्या तीरावर दवाखाना. १९२५ साली पुऱ्या झालेल्या या दवाखान्याला सातव्या निजामाचं, मीर उस्मान अली खान यांचं नाव मिळालं. घुमट, छज्जे, जाळ्या, उंच छताचे वॉर्ड. बाहेरून पाहणाऱ्याला राजवाडा वाटेल, पण आत खाटेवर कोण? तर ज्याच्याकडे फीचे पैसे नाहीत तो. मला त्या घुमटांपेक्षा हेच मोठं वाटतं.

अलीकडची कथा दुःखाची आहे. गच्च्या गळत राहिल्या, भिंतींत झाडं रुजली. २०१५ साली इमारत पाडायची भाषा सुरू झाली, तेव्हा ‘इन्टॅक’च्या जाणकारांनी पाहणी करून ती दुरुस्त होऊ शकते असं सांगितलं. तरी हात लागला नाही. जुलै २०२० मध्ये पावसाचं आणि गटाराचं पाणी थेट वॉर्डात शिरलं, खाटांखाली साचलं, आणि जुना भाग रिकामा करावा लागला. २०२५ च्या जानेवारीत गोशामहलला नव्या इस्पितळाची कोनशिला बसली.

नवं इस्पितळ हवंच. गळत्या छताखाली गरिबानं वारसा जपावा, असं कुणी म्हणू नये. पण जुन्याचं काय? आपल्या समाजाला जीर्णोद्धार हा शब्द नवा नाही. कुलपाकजीला गाभारा तसाच राखून बाकी काम केलं. दुसरीकडे जुनं दगडी मंदिर सपाट करून त्यावर चकचकीत संगमरवर चढवतात आणि त्यालाही जीर्णोद्धारच म्हणतात! उस्मानियाला पहिल्या तऱ्हेचा जीर्णोद्धार हवा. चुन्याच्या भिंतीला चुनाच लागतो. वरून सिमेंट थापलं की ओल आत कोंडते आणि भिंत आतून सडते. आधी गटारं मोकळी करावीत, गच्ची धरावी, मुळं काढावीत. मग तिथे म्युझियम थाटण्यापेक्षा निदान बाहेरच्या रोग्यांची तपासणी तरी चालू ठेवावी. अफझलगंजचा बसस्टँड जवळच आहे, आणि गावाकडून पहाटेच्या गाडीनं येणाऱ्या बाईला तेवढंच चालणं झेपतं.