‘वुड’ कोठून आले? एका लाल शाईच्या खुणेमागचा इतिहास

१/ ‘मला वाटले, तो येईल.’ हे वाक्य इंग्रजीत नेताना मराठी विद्यार्थी सहज लिहून जातो: ‘आय थॉट ही विल कम.’ शिक्षकांची लाल शाई ‘विल’ खोडून तेथे ‘वुड’ लिहिते. येणे तर पुढे घडायचे होते. मग तेथे भूतकाळाचे रूप कशाला? याचे उत्तर हजार वर्षांहून जुने आहे. 🧵

२/ ‘वुड’, ‘शुड’, ‘माइट’, ‘कुड’ ही आज स्वतंत्र सहायक क्रियापदे भासतात. मुळात ती ‘विल’, ‘शॅल’, ‘मे’, ‘कॅन’ यांची भूतकाळी रूपे होत. प्राचीन इंग्रजीत ‘विल’ म्हणजे इच्छिणे, ‘शॅल’ म्हणजे देणे लागणे, ‘मे’ म्हणजे सामर्थ्य असणे आणि ‘कॅन’ म्हणजे जाणणे. तेव्हाचे ‘वोल्डे’ म्हणजे सरळ ‘इच्छिले’.

३/ गंमत अशी की ‘कॅन’ हेच मुळात भूतकाळी घडणीचे रूप. ‘जाणून घेतले’ म्हणजेच ‘आता ठाऊक आहे’. मराठीत ‘मला कळले’ म्हणताना हेच घडते: रूप भूतकाळाचे, अवस्था वर्तमानाची. म्हणूनच ‘ही कॅन’ला वर्तमानकाळाचा ‘स’ लागत नाही. भूतकाळासाठी मग नवे रूप घडवावे लागले: ‘कूथे’, पुढे ‘कुड’.

४/ ‘कुड’च्या लेखनातला ‘ल’ तर निव्वळ अनुकरण. ‘वुड’ आणि ‘शुड’मध्ये ‘ल’ मूळचाच होता. ‘कुड’मध्ये तो कधीच नव्हता. मध्ययुगाच्या अखेरीस या भावंडांच्या पंगतीत बसताना त्याने तो उसना घेतला.

५/ पुढे या रूपांचे अर्थ सरकले. ‘वुड’ आणि ‘कुड’ विनंतीतले मार्दव दाखवू लागली, ‘शुड’ कर्तव्य सांगू लागले, ‘माइट’ उद्याच्या पावसाची शंका व्यक्त करू लागले. स्वतंत्र वाक्यात त्यांचा भूतकाळ बराचसा झिजला.

६/ तो टिकून राहिला एका आडोशाला: ‘थॉट’, ‘होप्ड’, ‘फिअर्ड’, ‘फेल्ट’ अशा मनोव्यापाराच्या भूतकाळी क्रियापदांमागे. ‘शी होप्ड ही वुड कम’ यातील ‘वुड’ विनयाचे नाही, संशयाचेही नाही. ते ‘विल’चे जुने, अस्सल भूतकाळी रूप आहे. आशा काल केली होती, म्हणून आशेतले भविष्यही कालच्या ठिकाणाहून मोजले जाते.

७/ डॅनिश व्याकरणकार ऑटो येस्पर्सन यांनी १९२४ च्या ग्रंथात काळाच्या या मागे सरकण्याची चर्चा केली. मात्र सर्व क्रियापदांमागे ते सारखे सक्तीचे नाही. वचन अजून कायम असेल, तर ‘ही सेड ही विल कम टुमॉरो’ चालते. पण ‘थॉट’ म्हणताच तो विचार सहसा मागे पडलेला असतो. त्यामुळे तेथे ‘विल’ खटकते.

८/ एक अपवाद लक्षणीय आहे. ‘मस्ट’ हे स्वतःच जुन्या ‘मोटान’ (मुभा असणे) या क्रियापदाचे भूतकाळी रूप. वर्तमानाचे मूळ रूप व्यवहारातून लोपले आणि भूतकाळी रूपच वर्तमानाच्या आसनावर बसले. आता त्याला आणखी मागे सरकायला जागाच नाही. म्हणून ‘ही थॉट ही मस्ट गो’ जसेच्या तसे राहते.

९/ मराठीची रीत निराळी. संस्कृत ‘इति’ लावून दुसऱ्याचे बोलणे वा विचार मूळ रूपात ठेवते. मराठीत हेच काम ‘असे’ आणि ‘की’ करतात. ‘तो येईल असे वाटले’ यात मनात उमटलेले ‘येईल’ अभंग राहते. इंग्रजी मात्र तो विचार आज सांगणाऱ्याच्या जागेवरून पाहते.

१०/ तेव्हा लाल शाईखालचे ते ‘विल’ अज्ञानाचे नव्हे, मराठीच्या शिस्तीचे चिन्ह आहे. इंग्रजीत ते चूकच. पण त्या चुकीमागे दोन भाषांचे दोन प्रामाणिक हिशेब उभे आहेत. एक मनातला क्षण जपते, दुसरी त्या क्षणापासूनचे अंतर.