प्रिंटर घेताना : थोडा इतिहास, थोडा हिशेब

पुणे-सोलापूर रस्त्यावरच्या लोणी काळभोरला आम्ही राहतो. संशोधनाच्या क्षेत्रात असल्यामुळे 'यांना संगणकातले कळते' असा आमचा उगाचच लौकिक झाला आहे. जून उजाडला, शाळा सुरू झाल्या, की एखादे शिक्षक किंवा पालक हटकून विचारतात, "शाळेसाठी प्रिंटर घ्यायचाय, कोणता घेऊ?" दुकानदाराकडे या प्रश्नाचे उत्तर एका वाक्यात असते. आमच्याकडे नसते. प्रिंटर ही वस्तू आज जशी आहे तशी ती का झाली, हे समजल्याशिवाय निवड नीट होत नाही, असा आमचा अनुभव आहे. म्हणून आधी इतिहास पाहू आणि मग हिशेब मांडू.

स्टेन्सिलचे दिवस

आम्ही शाळेत होतो तेव्हा सहामाहीच्या प्रश्नपत्रिका सायक्लोस्टाइलवर निघत. मेणकागदाच्या स्टेन्सिलवर गुरुजी टोकदार लेखणीने लिहीत. जिथे रेघ उमटे तिथले मेण निघून जाई आणि यंत्राच्या रुळावरची शाई तेवढ्याच वाटेने कागदावर उतरे. एका स्टेन्सिलवर शेकडो प्रती निघत. या पद्धतीचा एक गुण तेव्हा कोणाच्या लक्षात आला नव्हता. यंत्राला लिपीशी काही देणेघेणे नव्हते. मराठी असो, उर्दू असो, की भूमितीची आकृती असो, हात जे कोरील ते छापले जाई.

संगणक आला आणि हे बदलले. १९८४-८५ मध्ये केंद्र सरकारने 'क्लास' हा शालेय संगणक साक्षरतेचा प्रकल्प सुरू केला आणि निवडक शाळांत बीबीसी मायक्रो संगणक पोचले. त्यांची स्मृती होती ३२ किलोबाइट. त्या संगणकांना आणि त्यांना जोडल्या जाणाऱ्या प्रिंटरांना रोमन अक्षरे जन्मतः येत होती, देवनागरी येत नव्हती.

नऊ पिनांचे कोडे

घरगुती प्रिंटरची कथा जपानमधून सुरू होते. १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकसाठी सेको समूहाने वेळ मोजून ती कागदावर छापणारे यंत्र बनवले होते. त्या अनुभवातून १९६८ मध्ये 'ईपी-१०१' हा छोटा प्रिंटर निघाला. पुढे 'ईपी'चा 'सन', म्हणजे मुलगा, यावरून 'एप्सन' हे नाव पडले. १९८० च्या एप्सन एमएक्स-८० ने डॉट मॅट्रिक्स प्रिंटर घराघरांत आणि कचेऱ्यांत नेला.

त्याच्या डोक्यात एकाखाली एक अशा नऊ पिना असत. दोन पिनांमधले अंतर १/७२ इंच. डोके डावीकडून उजवीकडे सरकताना हव्या त्या पिना शाईच्या फितीवर आपटत आणि ठिपक्यांचे अक्षर तयार होई. इंग्रजी 'ए' काढायला नऊ ठिपक्यांची उंची पुरते. आता फळ्यावर 'र्कीं' आणि 'कृ' लिहून पाहा. वर रफार, वेलांटी आणि अनुस्वार, मग शिरोरेषा, मग अक्षराचे अंग आणि खाली ऋकार, असे चार मजले झाले. नऊ ठिपक्यांत ते बसवले तर वेलांटी शिरोरेषेला चिकटते, किंवा अनुस्वार नाहीसा होतो.

उपाय एकच होता. अक्षर 'अक्षर' म्हणून न पाठवता 'चित्र' म्हणून पाठवायचे आणि एका ओळीसाठी डोके दोनदा फिरवायचे. त्याची किंमत काय पडे ते पाहू. इंग्रजीची ८० अक्षरांची ओळ पाठवायला ८० बाइट लागत, कारण अक्षरांचे आकार प्रिंटरच्या पोटातच साठवलेले होते. चित्र पाठवताना आठ इंच रुंदीच्या ओळीत, इंचाला १२० ठिपके धरले, तर ९६० उभे स्तंभ होतात. प्रत्येक स्तंभाला एक बाइट आणि डोक्याच्या दोन फेऱ्या, म्हणजे १,९२० बाइट. तीच ओळ मराठीत पाठवायची तर माहिती २४ पट! पुढे २४ पिनांचे प्रिंटर आले. त्यांच्या पिना १/१८० इंच अंतरावर असत, त्यामुळे चारही मजले एका फेरीत बसू लागले. त्या काळात मराठी छपाई करणाऱ्याने नऊ पिनांऐवजी चोवीस पिनांचा प्रिंटर घेणे ही चैन नव्हती, ती लिपीची गरज होती.

याच कोड्याच्या दुसऱ्या बाजूवर आपल्याकडे काम चालू होते. आयआयटी कानपूरमध्ये १९८० च्या दशकात भारतीय लिप्यांसाठी 'जिस्ट' तंत्र विकसित झाले आणि १९८८ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या सी-डॅकमध्ये ते पुढे वाढले. जिस्टचे कार्ड साध्या पीसीत बसवले की पडद्यावर आणि कागदावर देवनागरी उमटे. अक्षरांना क्रमांक देण्याची 'इस्की' ही संकेतप्रणाली १९९१ मध्ये भारतीय मानक झाली. परम ८००० हा महासंगणकही सी-डॅकने त्याच वर्षी तयार केला. त्याचे कौतुक सर्वांना ठाऊक आहे. मराठीत पत्र छापून देणाऱ्या कार्डाचे कौतुक मात्र कमी झाले.

प्रकाश आणि बुडबुडा

१९३८ मध्ये चेस्टर कार्लसनने स्थिर विद्युतभाराने कोरडी भुकटी कागदावर चिकटवून पहिली झेरॉक्स प्रत काढली. त्याच तत्त्वाला लेसर किरणाची जोड गॅरी स्टार्कवेदरने झेरॉक्स कंपनीत दिली. १९८४ चा एचपी लेसरजेट हा मेजावर मावणारा लेसर प्रिंटर इंचाला ३०० ठिपके छापत असे. त्याची किंमत ३,४९५ डॉलर होती आणि स्मृती फक्त १२८ किलोबाइट. ए-फोर आकाराचे पान या घनतेने भरायला सुमारे ८७ लाख ठिपके, म्हणजे एक मेगाबाइटहून थोडी अधिक स्मृती लागते. इंग्रजी मजकूर चाले, पण पूर्ण पानाचे चित्र त्यात मावतच नसे. स्मृती स्वस्त झाली, सगळे पान संगणकातच चित्ररूपाने तयार होऊ लागले, तेव्हा कुठे 'क' आणि 'के' प्रिंटरच्या लेखी एका पंगतीला बसले.

शाईफवारा प्रिंटरची गोष्ट अधिक गमतीची आहे. १९७७ मध्ये कॅनन कंपनीत प्रयोग चालू असताना तापलेली डाख देण्याची सळई शाईच्या पिचकारीच्या सुईला लागली आणि शाईचा थेंब उडाला. उष्णतेने बुडबुडा होतो आणि तो पुढची शाई ढकलतो, हे त्यातून उमगले. एचपीनेही हेच तंत्र १९७९ च्या सुमारास स्वतंत्रपणे शोधले. १९८४ चा थिंकजेट आणि १९८८ चा डेस्कजेट त्यातूनच आले. छिद्रे केसाहून बारीक असल्यामुळे छपाई सुंदर येते, आणि त्याच कारणाने ती बंदही पडते.

हा धडा आम्ही स्वतः पैसे मोजून शिकलो. आमचा पहिला शाईचा प्रिंटर उन्हाळ्याच्या सुट्टीत दीड महिना नुसता पडून राहिला. जूनमध्ये चालू केला तर पानावर पांढरे पट्टे! साफसफाईच्या फेऱ्यांतच उरलेली शाई संपली. पुढे लेसर प्रिंटर घेतला. लोडशेडिंगच्या दिवसांत तो लहान यूपीएसला जोडला, तर पहिल्याच पानाला यूपीएस बंद पडला. भुकटी वितळवणारा रूळ सुमारे २०० अंश सेल्सिअसपर्यंत तापतो आणि तेवढ्यापुरती कित्येकशे वॉट शक्ती ओढतो. तेव्हा लेसर प्रिंटर छोट्या यूपीएसवर कधीही लावू नये. यूपीएस संगणकासाठी ठेवावा.

हिशेब

प्रिंटर स्वस्त आणि शाई महाग ही विक्रीची रीत आता सर्वांना माहीत आहे. तरी आकडेमोड केलेली बरी. उदाहरणापुरते समजा, शाईचा प्रिंटर ३,५०० रुपयांना आणि दर पानाला ५ रुपये खर्च. लेसर १२,००० रुपयांना आणि दर पानाला दीड रुपया. 'न' पानांनंतर खर्च सारखा होईल :

३,५०० + ५न = १२,००० + १.५न

म्हणजे न = सुमारे २,४२९. याहून कमी पाने छापणाऱ्या घराला पहिला परवडेल, शाळेला दुसरा. २०१० पासून बाटलीतून शाई भरायच्या टाकीचे प्रिंटर आले आणि शाईचा दर पानामागचा खर्च खूप खाली आला. पण टाकीवाला प्रिंटरही सुट्टीत सुकू शकतो. आठवड्यातून एक पान तरी छापायला कोणी नसेल तर तो घेऊ नये. नववीच्या वर्गात ही समीकरणे बाजारातले खरे भाव घेऊन सोडवायला द्यावीत. सोबत एक प्रयोगही करता येईल. एकाच आकाराच्या अक्षरांत एक पान मराठी आणि एक पान इंग्रजी छापून दोन्ही स्कॅन करावीत आणि काळ्या ठिपक्यांचे प्रमाण मोजावे. शिरोरेषा किती शाई खाते, हे मुलांनाच शोधू द्यावे.

शेवटचा मुद्दा टिकण्याचा. आमचे वडील शिक्षक होते. नव्वदच्या दशकात त्यांनी भूगोलाचे स्वाध्याय एका मराठी फॉण्टमध्ये टंकित केले होते. फॉण्टमागचे संकेत त्या कंपनीचे खाजगी होते. आज ती फाइल उघडली की पडद्यावर नुसती चिन्हे दिसतात. मात्र त्याच स्वाध्यायांच्या डॉट मॅट्रिक्सवर काढलेल्या, जरा पुसट झालेल्या प्रती आम्ही आजही वाचू शकतो. म्हणून मजकूर युनिकोडमध्येच टंकित करावा. युनिकोडची देवनागरी इस्कीच्याच पायावर उभी आहे. शाळेत जपून ठेवायचे दाखले लेसरवर काढावेत. लेसरची भुकटी वितळून कागदाला चिकटते, तर रंगद्रव्य पाण्यात विरघळलेली साधी शाई ओल्या बोटानेही पसरते.

१ मे २०१८ पासून सातबारासुद्धा डिजिटल स्वाक्षरीसह मिळू लागला. कागदाची गरज कमी होत आहे, हे खरे. तेव्हा यंदा कोणी विचारले की आम्हीच आधी चार प्रश्न विचारतो : वर्षाला किती पाने? सुट्टीत चालवणार कोण? वीज कशी आहे? आणि यातले काय वीस वर्षांनी वाचायचे आहे? उत्तरे कागदावर लिहून आणा, मग दुकानात सोबत येतो.