काचेतला हाळ

विहिरीच्या काठचा दगडी हाळ ज्यांनी पाहिलाय, त्यांना ‘ॲक्वेरियम’ शब्दाचा मूळ अर्थ समजावून सांगायला नको. लॅटिनमध्ये गुरांना पाणी पाजण्याच्या जागेला हाच शब्द होता. काचेच्या पेटीला तो कायमचा चिकटला फिलिप हेन्री गॉस या इंग्रज निसर्ग-अभ्यासकामुळे. १८५४ साली त्यानं ‘द ॲक्वेरियम’ नावाचं पुस्तक काढलं. त्याआधी ‘व्हिव्हेरियम’, ‘ॲक्वा-व्हिव्हेरियम’ अशी बोबडी वळवणारी नावं चालत. काचेवरचा कर १८४५ मध्येच उठला होता, १८५३ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात माशांचं घर उघडलं होतं. आता सुटसुटीत नावही मिळालं आणि दिवाणखान्यात मासे ठेवण्याचं वेड इंग्लंडभर पसरलं.

मासे पाळणं मात्र या शब्दाहून कितीतरी जुनं. गोल्डफिश चीनमधला. सोंग राजवटीत तो बागांतल्या तळ्यांत होता, मिंग काळात घरात, चिनी मातीच्या कुंड्यांत आला. पण कुंडी म्हटली की पाणी बदलणं आलं. मासा कितीही शाही असो, त्याचं पाणी बदलायला कुणीतरी हवंच.

पुढे काच आली तरी हे सुटलं नाही. मूळची फ्रेंच शिवणकाम करणारी जीन विलप्रू-पॉवर लग्नानंतर सिसिलीतल्या मेसिनात राहायला गेली आणि १८३२ च्या सुमारास समुद्रातल्या आर्गोनॉट या अष्टपाद प्राण्याचा अभ्यास करण्यासाठी तिनं काचेच्या पेट्या करून घेतल्या. लंडनच्या ॲना थिन यांनी १८४६ मध्ये टॉर्कीच्या किनाऱ्यावरून जिवंत प्रवाळ घरी आणले. त्यांना हवा मिळावी म्हणून घरातली मोलकरीण उघड्या खिडकीपाशी उभी राहून रोज अर्धा-पाऊण तास ते पाणी या भांड्यातून त्या भांड्यात ओतत असे. एअर पंपाच्या वंशावळीत तिचं नाव कुठेच नाही, पण पहिला एअर पंप तीच असं मी मानतो.

पाणी न बदलता मासा जगवण्याची खटपट रॉबर्ट वॉरिंग्टननं केली. तो रसायनशास्त्रज्ञ, लंडनच्या ॲपॉथेकरीज हॉलमध्ये औषधी रसायनांचं काम पाहणारा आणि राहणाराही तिथेच. १८४९ मध्ये त्यानं पन्नासेक लिटरचं काचेचं भांडं घेतलं, त्यात पाणी भरलं, तळाशी चिखल, वाळू, दगड घातले, व्हॅलिस्नेरिया ही पाणवनस्पती लावली आणि दोन लहान गोल्डफिश सोडले. हिशेब सरळ होता: मासे कार्बन डायऑक्साइड सोडतील, वनस्पती तो घेऊन प्राणवायू देईल. पण जुनी पानं सडू लागली, काचेवर शेवाळ चढलं, पाणी गढूळलं. तेव्हा त्यानं तळ्यातल्या पाच-सहा गोगलगायी आणून सोडल्या. त्यांनी कुजलेली पानं आणि शेवाळ खाल्लं, पाणी निवळलं, मासे जगले. १८५० मध्ये त्यानं हे केमिकल सोसायटीच्या नियतकालिकात छापलं. या सोसायटीच्या स्थापनेतही त्याचा हात होता.

मासा, वनस्पती, गोगलगाय हा त्रिकोण लोकांना फार आवडला. निसर्गाचा हिशेब काचेत चोख जमतो, ही कल्पना त्या काळाच्या धार्मिक मनालाही पटणारी होती. अडचण एवढीच की हिशेबात एक खातं राहून गेलं होतं. मासा कल्ल्यांवाटे अमोनिया सोडतो. तो थोडा साचला तरी कल्ले भाजतात, आणि पाण्यात प्राणवायू कितीही असला तरी मासा मरतो. वॉरिंग्टनच्या भांड्यात हा अमोनिया कुठे जात होता? काही वनस्पती घेत होती. उरलेल्याचं काम तळातल्या चिखल-वाळूत चाललं होतं, आणि त्या चिखलाचे आभार मानायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही.

१८७७ मध्ये श्लोसिंग आणि म्युंत्झ या फ्रेंच शास्त्रज्ञांनी गटाराचं पाणी वाळू आणि चुनखडी भरलेल्या नळीतून सावकाश झिरपू दिलं. पहिले वीस दिवस काहीच नाही. मग खालून येणाऱ्या पाण्यातला अमोनिया नाहीसा होऊ लागला आणि त्या जागी नायट्रेट दिसू लागलं. नायट्रेट म्हणजे आपला शोरा. गोठ्यातल्या, गुरांच्या मुतानं भिजलेल्या मातीतून बंदुकीच्या दारूसाठी काढत तोच. नळीत क्लोरोफॉर्मची वाफ सोडली तर हे काम थांबायचं. नंतर जिवंत मातीचं धुवण ओतलं की पुन्हा सुरू व्हायचं. म्हणजे हे काम कुणीतरी जिवंत करत होतं.

हे वाचून इंग्लंडमधल्या रॉथम्स्टेड इथल्या शेती-प्रयोगशाळेत एका माणसानं तोच विषय पुढची बरीच वर्षं धरला. काम दोन टप्प्यांत होतं, असं त्यानं दाखवलं: एक जीव अमोनियाचं नायट्राइट करतो, दुसरा नायट्राइटचं नायट्रेट. ते जीव वेगळे काढणं त्याला जमलं नाही. ते १८९० च्या सुमारास विनोग्राड्स्की या शास्त्रज्ञानं केलं. रॉथम्स्टेडच्या या माणसाचं नाव रॉबर्ट वॉरिंग्टन. होय, त्याच वॉरिंग्टनचा मुलगा. बापानं गोल्डफिश भांड्यात सोडले तेव्हा हा दहा-अकरा वर्षांचा असेल, त्याच वास्तूत वाढणारा. बापाच्या हिशेबातलं हरवलेलं खातं मुलाला सापडलं, पण शेताच्या मातीत. ते उचलून पुन्हा माशांच्या भांड्यात ठेवायला मासे पाळणाऱ्यांना आणखी पुष्कळ वर्षं लागली.

आमच्या घरापर्यंत तर ते आलंच नव्हतं. लहानपणी आमच्याकडे गोल काचेचा बाऊल होता, त्यात दोन गोल्डफिश. फूटभर लांबीपर्यंत वाढू शकणारा हा मासा, त्याला आम्ही कलिंगडाएवढी जागा दिली होती. दर रविवारी मासे बादलीत, बाऊल मोरीत. रंगीत खडे काथ्यानं घासायचे, नळाखाली खळखळून धुवायचे, पुन्हा नळाचंच क्लोरीनचं पाणी भरायचं. घरात स्वच्छतेची शिस्त कडक. मासे महिनाभरही टिकत नसत, आणि निदान ठरलेलं: नाजूक जात. आता कळतं की दर आठवड्याला आम्ही पाण्याची व्यवस्था पाहणाऱ्या त्या जिवांनाच घासून काढत होतो. ते पाण्यात फारसे तरंगत नाहीत; खड्यांवर, वाळूवर, फिल्टरच्या स्पंजवर बुळबुळीत थर धरून राहतात. नव्या टाकीत ते जमायला चार-सहा आठवडे लागतात, श्लोसिंगच्या नळीतल्या वीस दिवसांसारखेच. एकदम दहा मासे सोडले की ते या मधल्या काळात मरतात. टाकी बसली, तरी नायट्रेट साचत जातं म्हणून दर आठवड्याला थोडं पाणी काढून तेवढंच क्लोरीन घालवलेलं पाणी भरावं लागतं. पाणी कधीच न बदलण्याचं थोरल्या वॉरिंग्टनचं स्वप्न भरगच्च वनस्पती आणि अगदी मोजके मासे असतील तरच थोडंफार खरं ठरतं.

या जिवांची ओळखही पुरती पटली होती असं नाही. दुसऱ्या टप्प्याचं श्रेय पुस्तकं वर्षानुवर्षं नायट्रोबॅक्टरला देत आली. १९९८ मध्ये टिमोथी होवानेक आणि सहकाऱ्यांनी गोड्या पाण्याच्या टाक्यांतले जीव जनुकीय खुणांवरून तपासले, तर तिथं काम करताना सापडला नायट्रोस्पिरा.

मोठेपणी मी पुन्हा टाकी घेतली, या वेळी चांगली तीन फुटी. दुकानदारानं मासे द्यायला चक्क नकार दिला. “पंधरा दिवसांनी या,” म्हणाला. मग आपल्या जुन्या टाकीतला, गाळानं काळा पडलेला स्पंज काढून प्लास्टिकच्या पिशवीत टाकला, वर त्याच टाकीतलं थोडं पाणी ओतलं आणि गाठ मारून माझ्या हातात दिली. “हा धुवायचा नाही. तुमच्या टाकीत तसाच पिळा. विरजण समजा.”