फॉलआउट २ : जग संपलं, पण इतिहास थांबला नाही

२०२४ मध्ये प्राइम व्हिडिओवर ‘फॉलआउट’ची सिरीज आली आणि आयुष्यात कधी गेम न खेळलेल्यांनाही तो निळा-पिवळा जंपसूट, ते भूमिगत व्हॉल्ट आणि अणुयुद्धानंतरचं ओसाड अमेरिकेचं वाळवंट ओळखीचं झालं. सिरीजमधलं ‘शेडी सँड्स’ हे नाव आठवतंय? ते शहर आधी एक साधं खेडं होतं. खेड्याचं राज्य कसं झालं, हे ज्या गेममध्ये दिसतं तो गेम म्हणजे १९९८ चा ‘फॉलआउट २’. आज त्याच्याबद्दल बोलूया.

आधीच सांगतो, मी या गेमचा चाहता आहे, पण डोळे मिटून नाही. मला तो जितका आवडतो तितकाच काही ठिकाणी वैतागही आणतो. आणि गंमत अशी की आवडणं आणि वैतागणं, दोन्हींचं मूळ एकाच ठिकाणी सापडतं.

थोडी पार्श्वभूमी. पहिला ‘फॉलआउट’ १९९७ च्या ऑक्टोबरमध्ये इंटरप्ले या अमेरिकन कंपनीनं आणला. टिम केन या प्रोग्रॅमरनं १९९४ मध्ये जवळजवळ एकट्यानं काम सुरू केलं होतं. सुरुवातीला त्यात ‘गर्प्स’ ही कागदावर खेळायच्या रोल-प्लेइंग खेळांची नियमावली वापरायची होती. तो करार मोडला, मग टीमनं स्वतःची ‘स्पेशल’ नावाची पद्धत बनवली. ताकद, नजर, अक्कल, नशीब वगैरे सात गुण, आणि ते कसे वाटायचे हे तुम्ही ठरवायचं. कथा साधी आणि घट्ट होती. २१६१ साल. व्हॉल्ट १३ मधलं पाणी शुद्ध करणारं यंत्र बिघडलंय. त्याची चिप शोधून आणायला तुमच्याकडे १५० दिवस. घड्याळ चालू!

तीन-साडेतीन वर्षं खपून बनवलेला हा गेम लोकांना आवडला आणि कंपनीला लगेच दुसरा हवा झाला. १९९८ च्या सुरुवातीलाच टिम केन, लिओनार्ड बोयार्स्की आणि जेसन अँडरसन हे तिघं मुख्य शिलेदार कंपनी सोडून गेले आणि त्यांनी ट्रॉइका नावाचा स्वतःचा स्टुडिओ काढला. आराखड्यात त्यांचा हात होता, पण पुढचं काम ब्लॅक आइल या इंटरप्लेच्याच विभागातल्या उरलेल्या आणि नव्या लोकांनी केलं. पहिल्या गेमनंतर वर्षभरात ‘फॉलआउट २’ बाजारात! इंजिन तेच, चित्रं बरीचशी तीच, पण नकाशा कितीतरी मोठा. वेगवेगळी गावं वेगवेगळ्या डिझायनरांकडे वाटून दिलेली. ही वाटणी लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आता आवडलेली बाजू. दुसरा भाग पहिल्याच्या ऐंशी वर्षांनंतर, २२४१ मध्ये घडतो. तुम्ही पहिल्या गेमच्या नायकाचे नातू किंवा नात. तुमचं आरोयो गाव दुष्काळानं मरायला टेकलंय आणि ‘गेक’ नावाची जमीन सुपीक करणारी पेटी शोधायला तुम्हाला धाडलं जातं. या ऐंशी वर्षांत जग नुसतं पडून राहिलेलं नाही. पहिल्या भागात शेडी सँड्स म्हणजे मातीच्या घरांची वस्ती होती. तिचा पुढारी आराधेश (नाव आपल्या कानाला घरचंच वाटेल) आणि त्याची मुलगी टँडी. टँडीला लुटारू पळवून नेतात आणि आपण तिला सोडवतो. दुसऱ्या भागात तीच टँडी म्हातारी झालेली भेटते. ती ‘न्यू कॅलिफोर्निया रिपब्लिक’ या देशाची राष्ट्राध्यक्ष असते! खेड्याभोवती तट उभा राहिलाय, कायदा आलाय, पोलीस आलेत, आणि शेजारची गावं गिळायची भूकही आलीय.

पैशाचंही तसंच. पहिल्या भागात बाटल्यांची झाकणं हे चलन होतं. दुसऱ्यात नाणी चालतात. ब्रोकन हिल्स नावाच्या गावात जुना खजिना शोधून काढला, तर हाती काय लागतं? झाकणांचा ढीग. आता त्यांची किंमत शून्य. गेम तुमच्यावर हसतो, पण त्या हसण्यात इतिहासाचा एक अख्खा धडा आहे. चलन टिकतं ते त्याच्यावरच्या भरवशावर. भरवसा दुसरीकडे गेला की खजिन्याचं भंगार होतं.

शिवाय गावं एकमेकांशी बांधलेली आहेत. न्यू रिनो हे जुगार आणि गुन्हेगारीचं शहर चार कुटुंबांनी वाटून घेतलंय. त्यातलं मोर्डिनो कुटुंब ‘जेट’ नावाचं व्यसन बनवतं. ते जेट रेडिंगच्या सोन्याच्या खाणीत पोचतं आणि खाणकामगार त्यात अडकतात. व्हॉल्ट सिटीवर हल्ले करणाऱ्या लुटारूंना पैसा पुरवतं न्यू रिनोचंच बिशप कुटुंब. एका गावातला धागा ओढला की तिसऱ्या गावात काहीतरी हलतं. तेव्हाच्या गेममध्ये हे फारसं दिसायचं नाही.

आणि हा गेम तुम्हाला ओळखतो. अक्कल अगदी कमी ठेवून पात्र बनवलं तर ते नीट बोलूच शकत नाही, नुसतं हुंकारतं. पण क्लामथ गावातल्या टॉर या गुराख्याशी, जो इतरांना मंद वाटतो, अशा पात्राचा संवाद भलताच विद्वान होतो. म्हणजे ते दोघं आपापसात छान बोलतात, बाकीच्यांनाच कळत नाही. एका विनोदात केवढी गोष्ट सांगून टाकली!

आता वैताग. सुरुवातच घ्या. पहिल्याच पावलाला ‘टेंपल ऑफ ट्रायल्स’ नावाची परीक्षा. हातात भाला, समोर मुंग्या आणि विंचू. तुम्ही बोलण्यात किंवा बंदुकीत तरबेज पात्र बनवलं असेल तरी हा रस्ता चुकत नाही. शेवटच्या लढतीत बोलून किंवा किल्ली चोरून सुटता येतं, पण तोवर कितीतरी जणांनी गेम बंद केलेला असतो. बनवणाऱ्यांपैकी काहींनीही नंतर या देवळाबद्दल जाहीर नाराजी बोलून दाखवलीय.

दुसरं म्हणजे चेष्टेचा अतिरेक. पहिल्या भागात विनोद होता, पण भाजीत मीठ असतं तेवढा. इथे बुद्धिबळ खेळणारा विंचू आहे, बोलणारं झाड आहे, भूत आहे, सिनेमांची आणि टीव्हीची टिंगल पावलोपावली आहे. पहिल्या गेममधली ती सुनसान भीती इथे वारंवार मोडते. सॅन फ्रान्सिस्कोला पोचलात की कुंगफू मारामाऱ्या आणि एका पंथाची नक्कल यांतच शहर संपून जातं. शेवटाजवळचं हे ठिकाण घाईत उरकल्यासारखं वाटतं.

तिसरं, बग. इथे गाडी मिळते, ‘हायवेमन’. त्या काळी ही भन्नाट गोष्ट होती. पण गाडी गायब आणि नुसती डिकी तुमच्या मागेमागे फिरतेय, हा बग चाहत्यांमध्ये दंतकथा झालाय. युरोपातल्या आवृत्तीत हिंसेच्या नियमांमुळे लहान मुलं अदृश्य केली होती, त्यामुळे ‘डेन’ गावात खिसा कापला जायचा आणि चोर दिसायचाच नाही!

आता ती वाटणी आठवा. एका वर्षात एवढं मोठं जग उभं करायचं तर गावं वाटूनच द्यावी लागतात. म्हणून न्यू रिनो इतकं गजबजलेलं आहे, आणि म्हणूनच न्यू रिनो आणि सॅन फ्रान्सिस्को एकाच गेममधली वाटत नाहीत. गोधडीसारखं आहे हे. ऊब भरपूर, पण टाके दिसतात.

मग अशा गोधडीला धरून ठेवतं काय? माझ्या मते एकच प्रश्न: माणूस कुणाला म्हणायचं?

व्हॉल्ट सिटी हे स्वच्छ, हिरवं शहर. दवाखाना आहे, वीज आहे. पण आत राहायला नागरिकत्व लागतं आणि त्याची परीक्षा जवळपास कुणीच पास होऊ नये अशी काढलेली. बाहेरच्यांना आत जागा मिळते ती ‘सेवक’ म्हणून. गुलामगिरी म्हणत नाहीत, शब्द बदललाय. शेजारच्या गेको गावात किरणोत्सर्गानं विद्रूप झालेले ‘घूल’ लोक अणुभट्टी चालवतात. तिच्या गळतीनं व्हॉल्ट सिटीचं पाणी खराब होतंय. भट्टी दुरुस्त करायची की गावच मिटवायचं? शहराची प्रमुख लिनेट या लोकांना माणसांत धरायलाच तयार नाही, आणि निर्णय तुमच्या हातात.

पुढे कळतं की जुन्या अमेरिकन सरकारचे वारसदार, ‘एन्क्लेव्ह’, समुद्रातल्या तेलविहिरीच्या फलाटावर बसलेत. बाहेरचे सगळे त्यांच्या लेखी दूषित. त्यांना एक विषाणू सोडून सगळ्यांना संपवायचंय आणि ‘शुद्ध’ माणसांसाठी जमीन मोकळी करायचीय. व्हॉल्ट लोकांना वाचवायला नव्हे तर त्यांच्यावर प्रयोग करायला बांधले होते, हेही इथेच पहिल्यांदा उघड होतं. लिनेटची नागरिकत्वाची परीक्षा आणि राष्ट्राध्यक्ष रिचर्डसनचा विषाणू ही एकाच वाटेवरची दोन स्टेशनं आहेत. शुद्ध-अशुद्धाचं हे गणित आपल्याकडच्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही.

इथेच माझी सगळ्यात मोठी तक्रारही आहे. पहिल्या गेमच्या शेवटी संगणक वापरणारी व्हॉल्टमधली माणसं बाहेर पडून आरोयो वसवतात. दोन पिढ्यांत त्यांची नातवंडं भाला, नाकात हाड आणि आत्म्यांच्या गोष्टींवर येतात? आदिवासी म्हणजे मागासलेले, हा जुना हॉलिवूडी साचा गेमनं सरळ उचललाय. व्हॉल्ट सिटीत लोक तुम्हाला ‘रानटी’ म्हणून हिणवतात तेव्हा गेम तुमच्या बाजूनं उभा राहतो, आणि चित्रण करताना मात्र स्वतःच त्या हिणवणाऱ्यांच्या रांगेत जातो.

शेवटही तसाच. पहिल्या भागातल्या खलनायकाला पुरावा दाखवून, बोलून हरवता यायचं. इथे फ्रँक हॉरिगन नावाचा लोखंडी राक्षस उभा राहतो आणि त्याच्याशी लढल्याशिवाय सुटका नाही. माणूस कुणाला म्हणायचं, हा प्रश्न विचारणाऱ्या गेमचा निकाल बंदुकीनं लागतो, हे मला खटकतं.

आता भारताचा धागा. या मालिकेत दोन डोक्यांच्या गाईला ‘ब्राह्मिन’ म्हणतात. क्लामथचा टॉर राखतो ती हीच गुरं. अमेरिकेत ‘ब्रह्मन’ नावाची गुरांची एक खरी जातही आहे, भारतातून नेलेल्या वशिंडाच्या गुरांपासून तयार केलेली. २००८ मध्ये ‘फॉलआउट ३’ आला तेव्हा मायक्रोसॉफ्टनं ‘सांस्कृतिक संवेदनशीलता’ असं कारण देऊन तो भारतात न आणायचं ठरवलं. नेमकं काय खटकलं ते निवेदनात नव्हतं, पण सगळ्यांची बोटं या गाईकडे वळली.

तोवर मालिका बेथेस्डा कंपनीकडे गेली होती. त्यांच्या ‘फॉलआउट ३’ मध्ये युद्धाला दोनशे वर्षं झालीत, तरी लोक पुन्हा झाकणंच मोजतात. जग दिसायला भव्य, पण घड्याळ मागे फिरवलेलं. २०१० च्या ‘न्यू व्हेगस’मध्ये, जो ब्लॅक आइलच्या काही जुन्या लोकांनी ऑब्सिडियनमध्ये बनवला, ते घड्याळ पुन्हा पुढे सरकलं आणि न्यू कॅलिफोर्निया रिपब्लिकची गोष्ट पुढे गेली.

तर खेळावा का? हो, नक्की. चाहत्यांनी वर्षानुवर्षं खपून बग दुरुस्त केलेत आणि गेममधून कापलेली ठिकाणंही परत जोडलीत. ते पॅच टाकूनच सुरू करा. सेव्ह एकाच जागी करू नका, चार-पाच ठेवा. देवळात कंटाळा आला तरी एवढा एक तास काढा. मग गेको आणि व्हॉल्ट सिटीपर्यंत पोचा, आणि त्या अणुभट्टीचं काय केलंत ते मला सांगा.

भेटूया पुढच्या भागात. तोवर काळजी घ्या, आणि झाकणं जपून ठेवू नका!